हे इंजिन नक्की कुठल्या गाडीचं? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न गाडी नसलेल्या इंजिनांबद्दलचे आहेत. कुणाचं गोठ्यात पडलंय, कुणाचं भंगारवाल्याकडून आणलंय, आणि फोटो उघडून बघावा तर दहातल्या आठ जणांनी कारबेटरचा क्लोजअप पाठवलाय. कारबेटर बघून इंजिन ओळखायचं म्हणजे सदरा बघून माणसाचं गाव सांगण्यातला प्रकार झाला. कारबेटर, डायनामो, डिस्ट्रिब्युटर, वॉटर पंप, पंखा हे सगळं बोल्टने लावलेलं असतं, चाळीस-पन्नास वर्षांत मिस्त्री लोकांनी जे हाताला लागलं ते बसवलेलं असतं. ब्लॉक म्हणजे सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचं ओतीव धड, आणि हेड म्हणजे त्यावर बसणारं जाड ओतीव झाकण. ब्लॉकबरोबर जे ओतलं गेलंय ते मात्र कुणालाही बदलता येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत मी तुम्हाला परत परत ब्लॉक आणि हेडकडेच नेणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या गोठ्याच्या मागे जीपचं एक जुनं इंजिन पडलंय. आजोबांनी मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतली होती, पुढे वडिलांनी त्यात डिझेल इंजिन बसवलं आणि हे काढून ठेवलं. चार सिलिंडर, वरचं हेड एकदम सपाट, त्यावर चार प्लग उभे. घरातले सगळे म्हणतात दुसऱ्या महायुद्धातलं आहे, चुलते म्हणतात महिंद्राच्या जीपचं आहे. कसं ओळखायचं? विकायचं नाहीये, फक्त माहिती पाहिजे. (कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : विकायचं नाहीये हे वाचून बरं वाटलं, कारण अशी इंजिनं किलोवर गेलेली बघून जीव जळतो. आता बघा, तुम्ही 'हेड सपाट आणि प्लग उभे' असं लिहिलंत तिथेच अर्धं काम झालंय. हेड सपाट आहे म्हणजे त्यात व्हॉल्व्ह (झडपा) नाहीत, इनटेक (पेट्रोल-हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) दोन्ही खाली ब्लॉकमधे सिलिंडरच्या शेजारी बसलेत. यालाच साइड व्हॉल्व्ह म्हणतात. युद्धातल्या विलीज जीपला हेच इंजिन होतं, १३४ क्युबिक इंच म्हणजे २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर, अमेरिकन लोक त्याला 'गो डेव्हिल' म्हणायचे.

यानंतर त्याच बोअर-स्ट्रोकचं (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव) जे इंजिन आलं त्याचं नाव 'हरिकेन'. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधे गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधेच राहिले. त्यामुळे त्याला वर रॉकर कव्हर (वरचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचं झाकण) असतं, प्लग हेडच्या कडेला असतात, आणि कारबेटर थेट हेडवर बसतो कारण इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांचा जोड) हेडमधेच ओतलेला आहे. बाजूला जो मॅनिफोल्ड दिसतो तो फक्त एक्झॉस्टचा. हे इंजिन एवढं उंच झालं की १९५३ च्या सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं, आणि आपल्याकडे महिंद्राची जी उंच नाकाची जीप सगळ्यांनी बघितलीय ती हीच. तेव्हा चुलत्यांना जर ती जीप डोळ्यासमोर येत असेल तर सपाट हेडचं इंजिन तिचं नाही. पण लगेच जिंकलो म्हणून नाचू नका, कारण महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती १९४७ नंतर लगेचच, आणि त्या काळात विलीजची नागरी जीपसुद्धा सपाट हेडचीच यायची. म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही.

समजा हेड हरवलंय, नुसता ब्लॉक आहे, तरी सोपं आहे. वरून सिलिंडरच्या शेजारी व्हॉल्व्हची भोकं मोजा. आठ असतील तर साइड व्हॉल्व्ह, चारच असतील तर हरिकेन.

आता युद्धातलं की नंतरचं. इंजिनाच्या उजव्या बाजूला, म्हणजे तुम्ही सीटवर बसून पुढे बघताय असं समजून उजवी, ब्लॉकच्या पुढच्या कोपऱ्यात वरती, ऑइल फिल्टर असतो त्याच्या मागे एक छोटी मशिनिंग केलेली सपाट जागा आहे. तिथे नंबर पंच केलेला असतो. नंबरआधी 'एमबी' असेल तर विलीजने बनवलेलं युद्धातलं, 'जीपीडब्ल्यू' असेल तर फोर्डने बनवलेलं. युद्धात विलीजला एकट्याला पुरवठा झेपेना म्हणून फोर्डला पण त्याच डिझाइनवर जीप बनवायला लावलं होतं. फोर्डच्या लोकांना आपलं नाव मिरवायची भारी हौस, त्यामुळे फोर्डच्या जीपच्या बोल्टच्या डोक्यांवर आणि पार्टवर त्यांच्या वळणदार अक्षरातला 'एफ' सापडतो. तुमच्या इंजिनावर असा 'एफ' दिसला तर मस्त, पण बोल्ट एका गाडीतून दुसरीत जातात, चार बोल्टवर 'एफ' आहे म्हणून इंजिन फोर्डचं ठरत नाही. फोर्डची अजून एक गंमत म्हणजे इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर ते एकच ठेवायचे, विलीजमधे तसं नसायचं. तुमच्याकडे चॅसी अजून असेल, म्हणजे डिझेलवाली जीप अजून उभी असेल, तर तिचा नंबर पण उतरवून घ्या. नंबरआधी नुसता 'जे' असेल तर युद्धानंतरचं नागरी इंजिन समजा.

नंबर गंजला असेल तर दुसरी जागा आहे. उजव्याच बाजूला, ऑइलची डिपस्टिक आणि तेल ओतायची नळी जिथे आहे तिच्या मागे ब्लॉकवर उठावाचे आकडे ओतलेले असतात. हा कास्टिंग नंबर, सिरीयल नंबर नाही, तो त्या साच्यातल्या प्रत्येक ब्लॉकवर तोच असतो. युद्धातल्या ब्लॉकवर ६३८६३२ हा आकडा येतो. पंच केलेला नंबर घासून नवा मारता येतो, उठावाचा मारता येत नाही, म्हणून मी तर आधी हाच बघतो.

साफ करताना ग्राइंडर आणि छिन्नी लांब ठेवा. रॉकेल नाहीतर डिझेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासा, कोरडं झालं की उठावाच्या आकड्यांवर पांढरा खडू आडवा फिरवा आणि मोबाइलचा टॉर्च कडेने मारून फोटो काढा. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही.

अजून एक खूण आहे पण त्यासाठी पुढचं कव्हर उघडावं लागेल, उगाच नका उघडू, कधी काम निघालं तर बघा. सुरुवातीच्या इंजिनांना टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) होती, युद्धानंतर नागरी जीपच्या काळात ती जाऊन गिअर आले. चेन दिसली तर घरच्यांच्या बाजूने एक मत.

आणि हो, चार सिलिंडर सपाट हेड म्हणजे जीपच असं नाही हं. हिंदुस्थान मोटर्सच्या जुन्या लँडमास्टरला पण साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, १४७६ सीसीचं. फोर्डच्या मॉडेल एलाही होतं, पण ते ओळखायला फार सोपं, त्याचा डिस्ट्रिब्युटर हेडच्या बरोबर मधे वरती उभा असतो आणि तिथून प्लगपर्यंत वायरीऐवजी धातूच्या पट्ट्या गेलेल्या असतात. हेड उघडलंच तर स्ट्रोक मोजा. पिस्टन सगळ्यात वर असताना आणि सगळ्यात खाली असताना स्टीलच्या पट्टीने खोली घ्या आणि वजाबाकी करा. जीपचा स्ट्रोक १११ मिलिमीटर, लँडमास्टरचा ८७, मॉडेल एचा १०८. बोअरवर फार भरवसा ठेवू नका कारण एवढ्या वर्षांत लेथवाल्याने दोन-तीनदा बोअर वाढवलेला असू शकतो, स्ट्रोक मात्र क्रँकने ठरतो आणि तो तसाच राहतो. सीसी काढायची असेल तर बोअर सेंटिमीटरमधे घेऊन त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार. जीपचा मूळ बोअर ७.९४, स्ट्रोक ११.११, करून बघा, २१९९ च्या आसपासच येतं.

प्रश्न : सर, माझ्या सासऱ्यांनी खूप वर्षांपूर्वी एक व्ही-एट इंजिन घेऊन ठेवलं होतं, ज्याच्याकडून घेतलं तो '१९३६ ची फोर्ड' म्हणाला होता. आता ते घरी नाहीत आणि आम्हाला कुणालाच यातलं कळत नाही. एक गृहस्थ घ्यायला तयार आहेत पण ते म्हणतात हे ट्रकचं आहे, कारचं नाही, म्हणून किंमत कमी देणार. खरं काय? (नागपूर)

उत्तर : ताई, गिऱ्हाइकाचं ऐकायच्या आधी एक खडू घ्या आणि एका बाजूच्या हेडवर किती नट आहेत ते मोजा. प्रत्येक नटावर खूण करत मोजा, डोळ्याने मोजलं की चुकतं. फोर्डच्या साइड व्हॉल्व्ह व्ही-एटचं (व्ही आकारात चार-चार असे आठ सिलिंडर) हेच बरं आहे. एका हेडला २१ स्टड (हे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्या) असतील तर १९३२ ते १९३८ पर्यंतचं, २४ असतील तर १९३८ नंतरचं. १९३८ सालात दोन्ही सापडतात. १७ च निघाले तर ते छोटं ६० हॉर्सपॉवरचं व्ही-एट, त्याची गोष्टच वेगळी.

२४ आले तर '१९३६ ची फोर्ड' तिथेच संपली, बाकी काही असो. २१ आले तर वॉटर पंप कुठे आहेत ते बघा. दोन पंप असतात, दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाला वरती बसले असतील तर १९३६ किंवा त्याआधीचं. पंप खाली ब्लॉकच्या समोर असतील आणि पाण्याची नळी हेडच्या मधून वर निघत असेल तर १९३७ पासूनचं. हेडचा तो आकार ओतलेला आहे, म्हणून यावर विश्वास ठेवता येतो, पण हेड मात्र बोल्टने लावलेलंच असतं आणि २१ स्टडच्या ब्लॉकवर दुसऱ्या सालचं २१ स्टडचं हेड चढवलेलं असू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंची हेडं एकसारखी आहेत का तेही बघा.

आता ट्रकचं की कारचं. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही आणि त्या गृहस्थांना पण आवडणार नाही. फोर्डने तीच व्ही-एट कारमधे पण घातली आणि ट्रकमधे पण, आणि युद्धाच्या काळात कॅनडात बनलेल्या फोर्डच्या लष्करी ट्रकांमधूनही हीच इंजिनं आली, त्यातले कितीतरी ट्रक भारतात होते. त्यामुळे २४ स्टडचं इंजिन असेल तर ते लष्करी ट्रकमधून आलेलं असायची शक्यता चांगलीच आहे, पण त्यामुळे ते कारला चालत नाही असं काही नाही, रेस्टोरेशनवाले दोन्ही घेतात. किंमत ठरते ती ब्लॉकला तडा आहे की नाही यावर. या इंजिनांमधे एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, सिलिंडरच्या मधून बाहेर काढलाय, त्यामुळे ती तापतात आणि व्हॉल्व्हच्या जागेपासून सिलिंडरकडे चीर जाते. ते तपासायला ओळखीच्या एखाद्या इंजिन रीबोरिंगवाल्याला बोलवा, गिऱ्हाइकाच्या माणसाला नको.

मागच्या बाजूला, जिथे क्लचचं घर सुरू होतं तिथे वर '५९' असे आकडे ओतलेले दिसले तर ते साधारण युद्ध संपल्यानंतरचं, १९४८ पर्यंतचं. आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अगदी समोर खाली चपटा बसलेला नसून उजव्या कोपऱ्यात उभा असेल, पाणी हेडच्या पुढच्या टोकातून निघत असेल, तर १९४८-४९ पासूनचं. इथे एक सांगून ठेवतो, वर मी स्ट्रोक मोजा म्हणालो ते या इंजिनाला लागू नाही, जुन्या २२१ क्युबिक इंचाचा आणि नंतरच्या २३९ चा स्ट्रोक एकच आहे, फरक बोअरमधे. खडूच बरा.

प्रश्न : जुन्या इंजिनाच्या रंगावरून कंपनी ओळखता येते का? यूट्यूबवर एक जण सांगत होता. (ठाणे)

उत्तर : शेवटच्या मिस्त्रीकडे कुठला डबा उघडा होता ते कळतं. पुढचा प्रश्न.

प्रश्न : दादा, आमच्या पणजोबांची स्वातंत्र्याच्या आधी मोटार सर्व्हिस होती. वाड्याच्या परड्यात सहा सिलिंडरचं एक इंजिन आहे, पुढचं सगळं गेलंय, कारबेटर नाही, डायनामो नाही. वरचं झाकण आहे. गावात म्हणतात शेवरलेटचं आहे. काही अंदाज? (श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर)

उत्तर : कारबेटर आणि डायनामो नाही हे उलट चांगलं, दिशाभूल करायला काही उरलंच नाही. आणि शेवरलेट असायला काहीच हरकत नाही. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना १९२८ ला सुरू झाला, शेवरलेटच्या लॉऱ्या आणि बसच्या चॅसी तिथे जोडल्या जायच्या, १९५४ ला तो बंद झाला. मोटार सर्व्हिसवाल्यांची ती लाडकी गाडी होती.

पहिली परीक्षा म्हणजे वर झाकण आहे, तर झाकणाखाली रॉकर आहेत का. शेवरलेटने १९२९ पासून सहा सिलिंडरला व्हॉल्व्ह वरतीच ठेवले, तर त्याच काळातल्या डॉज, प्लिमथ, फार्गोच्या सहा सिलिंडरना सपाट हेड होतं. त्यामुळे रॉकर दिसले की गावकऱ्यांच्या म्हणण्याला बळ येतं.

मग बाजूला बघा. जिथे प्लग आहेत त्या बाजूला पत्र्याचं एक लांब कव्हर असतं, आत पुशरॉड, म्हणजे रॉकरला ढकलणाऱ्या काड्या, असतात. ते कव्हर ब्लॉकपासून थेट वर हेडच्या काठापर्यंत गेलं असेल आणि प्लग त्या कव्हरमधूनच बाहेर डोकावत असतील तर जुना प्रकार, १९३७ ते १९५३ मधलं २१६ क्युबिक इंचाचं इंजिन असायची शक्यता मोठी, किंवा त्याच काळातलं ट्रकचं २३५. कव्हर बुटकं असेल, फक्त ब्लॉकपुरतं, आणि प्लग त्याच्या वर उघडे असतील तर १९५४ पासूनचं नवं २३५. वरचं झाकण कसं धरलंय तेही बघून घ्या. जुन्याला मधोमध वरून दोन नट, नव्याला कडेने चार स्क्रू. कव्हर पत्र्याचं म्हणून बदललेलं असू शकतं हे खरं, पण उंच कव्हर बसायला ब्लॉक आणि हेड तसे ओतलेले लागतात, त्यामुळे इथे ते खोटं बोलू शकत नाही.

हेड उघडायची तयारी असेल तर स्ट्रोक ९५ मिलिमीटर म्हणजे २१६, १०० म्हणजे २३५. पणजोबांची सर्व्हिस स्वातंत्र्याच्या आधीची म्हणताय, तर बुटकं कव्हर निघालं की समजायचं, हे इंजिन नंतर कुणीतरी आणून टाकलंय. त्या जुन्या २१६ मधे कनेक्टिंग रॉडच्या टोकाला बारीक चमच्यासारखा भाग असतो, चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातलं) तेल तो उडवत नेतो, बेअरिंग पण बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूचं, ओतून बनवलेलं. चालू करायचा विचार असेल तर आधी चेंबर उघडून ते बघा, आजच्या शहरांत बॅबिट ओतणारा माणूस शोधणं हेच मोठं काम आहे.

प्रश्न : एक अँबॅसिडर मार्क वन मिळतेय, मालक सांगतो इंजिन पहिल्यापासून तेच आहे. कसं तपासायचं? (कोल्हापूर)

उत्तर : 'पहिल्यापासून तेच' हे वाक्य अँबॅसिडरच्या बाबतीत ऐकलं की मी चहा मागवतो, वेळ लागणार असतो. अगदी सुरुवातीच्या अँबॅसिडरना साइड व्हॉल्व्हचं १४७६ सीसी इंजिन होतं, १९५९ ला ते जाऊन १४८९ सीसीचं वरच्या व्हॉल्व्हचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज इंजिन आलं. ते मग पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. तेव्हा गाडी १९५८ ची असून हेड सपाट निघालं तर मालकाचं म्हणणं पटण्यासारखं, रॉकर कव्हर निघालं तर नाही.

बी सिरीज ओळखायचं असेल तर डाव्या बाजूला इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड आणि त्यांच्या खाली ब्लॉकवर दोन टॅपेट कव्हर, उजव्या बाजूला प्लग आणि डिस्ट्रिब्युटर. हेडला पाचच तोंडं आहेत, तीन एक्झॉस्टची आणि दोन इनटेकची, दोन-दोन सिलिंडर एका तोंडातून श्वास घेतात. डिझेलची पण बी सिरीज होती, तिला डिस्ट्रिब्युटर नाही, पंप आणि इंजेक्टर आहेत. आणि मालकाने बॉनेट उघडून इसुझूचं १८०० दाखवलं, जे नव्वदच्या दशकात आलं, तर तुम्ही पण चहा मागवा.

अडचण अशी की बी सिरीज एवढी वर्षं जवळपास त्याच तोंडवळ्याची राहिली की नुसतं बाहेरून बघून साठचं की ऐंशीचं ते सांगता येत नाही. तिथे आरसी बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का एवढंच बघायचं, आणि आरसीवर इंजिन बदलल्याची नोंद आहे का ते.

प्रश्न : विंटेज म्हणून रजिस्ट्रेशन करायचंय, पण इंजिन त्याच कंपनीचं असलं तरी नंबर वेगळा आहे. आरटीओ अडवेल का? (पुणे)

उत्तर : केंद्राचे २०२१ चे नियम आहेत. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. नव्या रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत १० वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, टेक्निकल संशोधनाला, तेल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, रोज ऑफिसला नाही.

नंबर वेगळा असेल तर तो वेगळा आहे असंच सांगा आणि बदलून जे इंजिन बसवलं त्याचे कागद, पावती, जुन्या आरसीवरची नोंद जे असेल ते जोडा. त्याच मॉडेलचं आणि त्याच काळातलं इंजिन आहे हे कास्टिंग नंबरच्या फोटोवरून दाखवता येतं, त्यासाठी वर सातारच्या वाचकांना सांगितलेली खडूची पद्धत वापरा. बाजारात जुना नंबर घासून कागदाप्रमाणे नवा पंच करून देणारे भेटतील, फार स्वस्तात करतात. त्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे. घासलेली जागा भोवतालच्या ओतीव लोखंडापेक्षा खोल आणि गुळगुळीत दिसते, तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, मग आत्ता जिचा नुसता नंबर जुळत नाही ती गाडी पोलिस स्टेशनच्या आवारात जाऊन बसते.